मुलांच्या हाती चेंडू द्या

परीक्षा आटोपल्या, निकाल लागले की दरवर्षी घराघरातून एकच तक्रार ऐकू येते. पोरं दिवसभर मोबाईलला चिकटलेली असतात. हाक मारली तर ओ देत नाहीत, ताटावर बसली तरी नजर त्या काचेवर. आईबाप दोघेही कामावर. घरात आजी असली तरी ती किती धावणार? मग संध्याकाळी कामावरून थकून आलेला बाप चिडतो, फोन हिसकावून घेतो, दोन धपाटे घालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फोन काढून घेतला हे ठीक झाले. पण त्या रिकाम्या झालेल्या हातात आपण काय दिले, हा प्रश्न फारसे कुणी स्वतःला विचारत नाही. या सदरात आज त्या प्रश्नाचे एक उत्तर वाचकांपुढे ठेवायचे आहे. ते उत्तर म्हणजे बास्केटबॉल.

नाव ऐकूनच काही वाचक म्हणतील, हा तर कॉन्व्हेंटमधल्या आणि मोठ्या सोसायट्यांमधल्या मुलांचा खेळ. आपल्या वस्तीत क्रिकेट, कबड्डी आणि फार तर कॅरम. उंच पोरांचा, महागड्या बुटांचा खेळ आपल्याला कशाला? हा समज दूर करायचा असेल तर या खेळाचा जन्म कसा झाला ते आधी पाहिले पाहिजे.

फळांच्या टोपलीतून निघालेला खेळ

१८९१ सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी वायएमसीएचे प्रशिक्षण विद्यालय होते. तेथे जेम्स नेस्मिथ नावाचे, कॅनडात जन्मलेले शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी. वर्गात १८ तरुण, रोजच्या कवायतीला कंटाळलेले. वरिष्ठांनी नेस्मिथना सांगितले की, बंदिस्त जागेत खेळता येईल आणि हाणामारी होणार नाही असा एखादा खेळ शोधून काढा. नेस्मिथनी इमारतीची देखभाल करणाऱ्या कामगाराकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. पीच या फळाच्या दोन टोपल्या पडलेल्या होत्या, त्या त्याने आणून दिल्या. नेस्मिथनी त्या सभागृहाच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता म्हणून टोपली १० फुटांवर बसली, आणि आजही जगभर मोठ्यांच्या खेळात रिंग १० फुटांवरच असते. चेंडू फुटबॉलचा घेतला. १३ नियम कागदावर लिहून भिंतीवर लावले आणि खेळ सुरू झाला. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आत पडला की वर चढून काढावा लागे. पहिल्या सामन्यात एकच चेंडू टोपलीत पडला.

म्हणजे हा खेळ महागड्या सामानातून जन्माला आलेला नाही. हाताशी जे होते त्यातून तो उभा राहिला. त्याचे मूळ नियमही लक्षात घेण्यासारखे आहेत. चेंडू घेऊन पळायचे नाही. धक्का द्यायचा नाही, पकडायचे नाही, पाडायचे नाही. दांडगट पोरगा केवळ अंगाच्या जोरावर इथे जिंकू शकत नाही. त्याला चेंडू दुसऱ्याकडे द्यावाच लागतो. आपल्या मुलांना ही सवय लागली तर ती मैदानापुरती राहत नाही.

कुलूप लावून खेळलेला सामना

या खेळाची दुसरी एक गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकवीत असत. तेथे जॉन मॅक्लेंडन नावाचा एक काळा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकला. हा खेळ त्याला मुळापासून उमगला होता, परंतु तो काळा असल्यामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती. ज्याने खेळ शोधला त्याचा विद्यार्थी, आणि त्यालाच मैदानाबाहेर ठेवले. मॅक्लेंडन खचला नाही. तो प्रशिक्षक झाला आणि डरहॅम शहरातील काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा संघ त्याने तयार केला.

काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणे त्या भागात तेव्हा कायद्याच्या विरुद्ध होते. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या मुलांचा संघ गुपचूप या कॉलेजात आला. दारे आतून लावून घेतली गेली. प्रेक्षक नाहीत, बातमी नाही. मॅक्लेंडनच्या मुलांनी तो सामना ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर जे घडले ते अधिक मोलाचे आहे. दोन्ही बाजूंच्या मुलांनी आपसात गट पाडले, काळे-गोरे एकाच बाजूने, आणि पुन्हा एक डाव खेळले. बंद दाराचा अर्थ काय असतो हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण दाराच्या आत, एका चेंडूमागे धावताना ती मुले तासाभरात जे शिकली ते बाहेरच्या समाजाला शिकायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

मुंबईचा नागपाडा

लांबचे उदाहरण नको असेल तर मुंबईचे घ्या. नागपाडा हा कष्टकऱ्यांचा, दाट वस्तीचा, अरुंद गल्ल्यांचा भाग. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी तेथे नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून जी संस्था देशभर ओळखली जाते, तिची सुरुवात १९३६ साली याच इमारतीत झाली. याच नागपाड्यात बास्केटबॉल रुजला. छोट्या मैदानावर, आजूबाजूच्या खोल्यांतून आलेली पोरे खेळू लागली, आणि तेथून भारताच्या संघापर्यंत खेळाडू गेले. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे.

तेथे हा खेळ का रुजला, याचे एक कारण जागेच्या हिशेबात आहे. क्रिकेटला मोठे मैदान लागते. बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. अर्ध्या मैदानावर एकाच रिंगवर खेळायचे तर २१० चौरस मीटर पुरे. लहान मुलांना त्याहून कमी जागाही चालते. आपल्या वस्तीत समाजमंदिराच्या बाजूला, विहारासमोर, शाळेच्या आवारात एवढी मोकळी जागा बहुतेक ठिकाणी निघते. आज तेथे दुचाक्या लावलेल्या असतात, ही गोष्ट निराळी.

लहान मुलाला मोठ्यांचा खेळ देऊ नका

बरेच कार्यकर्ते उत्साहाने एक रिंग उभी करतात, १० फुटांवर. मोठा चेंडू आणतात. सात-आठ वर्षांची पोरे दोन दिवस चेंडू फेकतात, तो रिंगपर्यंत पोचत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती येत नाहीत. मग आपण म्हणतो, आपल्या पोरांना गोडी नाही. खरे म्हणजे पहिलीच्या मुलाला दहावीचे पुस्तक दिले तर तो वाचेल कसा?

लहानांसाठी मिनी बास्केटबॉल हा वेगळा प्रकार आहे. बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यात रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर असते. चेंडू ५ नंबरचा, वजन ४७० ते ५०० ग्रॅम. मोठ्या पुरुषांचा चेंडू ७ नंबरचा असतो, त्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम. मोठ्या मुली आणि स्त्रिया ६ नंबरचा चेंडू वापरतात. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी रिंग ८ फुटांवर असावी, अशी अमेरिकेतील बास्केटबॉल संघटनेचीही शिफारस आहे. रिंग फार उंच असली की मूल चेंडू कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावते, पाठ वाकडी करते. ती सवय एकदा लागली की मोडत नाही. चेंडू आत पडला पाहिजे. पडला तर मूल हसते, आणि हसले तर उद्या परत येते.

पहिल्या महिन्यात काय शिकवावे

शिकवायला एनआयएसचा कोच मिळाला तर उत्तमच. पण तो मिळेपर्यंत थांबू नये. शाळेत-कॉलेजात खेळलेला एखादा दादा किंवा ताई, आणि सोबत एक जबाबदार मोठा माणूस एवढ्यावर सुरुवात होते. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास ते एक तास. त्याहून जास्त लहान मुलांना नको.

पहिला आठवडा चेंडूच्या ओळखीचा. जमिनीवर टप्पे मारायला शिकवावे. तळहाताने थापटायचे नाही, बोटांनी ढकलायचे. आधी उभ्याने, मग चालत, मग पळत. उजव्या हाताने जेवढे, तेवढेच डाव्या हाताने. नजर चेंडूवर नको, समोर हवी. हे नुसते सांगून मुले कंटाळतात, म्हणून प्रत्येकाने टप्पा मारत शिवणापाणी खेळायचे. पकडायला गेला आणि चेंडू सुटला की राज्य त्याच्यावर. पोरे तासभर पळतात आणि आपण काही शिकतो आहोत हे त्यांना कळतही नाही.

दुसरा आठवडा देण्या-घेण्याचा. छातीपासून सरळ पास, आणि जमिनीवर एक टप्पा देऊन पास. घेणाऱ्याने हात पुढे करून बोटे पसरून चेंडू घ्यावा. याच आठवड्यात थांबायला शिकवावे. पळत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबायचे, मग एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्याने वळायचे. आपल्या लंगडी खेळणाऱ्या मुलींना हे चटकन जमते, कारण तोल सांभाळायची त्यांना आधीच सवय असते.

तिसरा आठवडा नेमाचा. रिंगच्या अगदी जवळून सुरुवात करावी, दोन पावलांवरून. गुडघे थोडे वाकलेले, कोपर चेंडूच्या खाली, दुसरा हात नुसता आधाराला, आणि चेंडू सुटल्यावर मनगट पुढे झुकलेले. जवळून दहापैकी पाच पडू लागले की एक पाऊल मागे.

चौथ्या आठवड्यात डाव मांडावा. पाच-पाचचा नको. तीन-तीन मुलांचे दोन गट आणि एकच रिंग. हा प्रकार आता हलका समजण्याचे कारण नाही. २०२० ची टोकियो ऑलिम्पिक स्पर्धा २०२१ मध्ये झाली, त्या वेळेपासून तीन-तीनचा बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये खेळला जातो. १० मिनिटांचा डाव, किंवा जो आधी २१ गुण करील तो जिंकला. मुलांसाठी नियम चारच ठेवावेत. चेंडू हातात धरून पळायचे नाही. टप्पा एकदा थांबवला की पुन्हा सुरू करायचा नाही, पास द्यायचा किंवा बास्केट मारायची. अंगाला धक्का नाही. रेषेबाहेर चेंडू गेला की तो दुसऱ्या गटाचा. बाकीचे नियम मुले पुढे आपणहून विचारतील.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. एक हजेरी वही ठेवावी. आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आणि कोण किती डाव खेळला याच्या रेघा. चांगले खेळणारे तीन पोरगे सारखे आत आणि बाकीचे कडेला उभे, असे झाले तर आपण खेळ सुरू केला नाही, दुसरी उतरंड उभी केली. खेळ करमणुकीसाठी आहे तोवर सर्वांना सारखी पाळी. ज्याला चेंडू धरता येत नाही त्यालाच पाळीची गरज जास्त असते. पायाने अधू असलेले मूल असेल तर त्याला गुण लिहायला बसवून मोकळे होऊ नये. चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल जगभर खेळला जातो, १९६० सालच्या रोमच्या पॅरालिम्पिकपासून तो तेथे आहे. आपल्याकडे तशी खुर्ची नसेल, तरी बसून पास देता येतो, नेम धरता येतो.

मुलींना अर्ध्यातून बोलावू नका

हा खेळ निघाला त्याच्या पुढल्याच वर्षी, १८९२ साली, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजात मुलींना तो शिकवला. म्हणजे मुलींनी हा खेळ मागाहून मुलांकडून उसना घेतलेला नाही. तरीही पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली ऑलिम्पिकमध्ये आला आणि स्त्रियांचा १९७६ साली. मध्ये ४० वर्षे गेली. आपल्या घरातही तेच घडते. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत मुलगी भावाबरोबर खेळते. बारावे लागले की हाक येते, "पाणी आलंय, ये घरी." भावाला हाक येत नाही. पाणी दोघांच्या पोटात जाते, मग हंडा एकटीनेच का भरायचा?

एका माउलीने मला सांगितले, "भाऊ, खेळायला नाही म्हणत नाही मी. पण तिथं पोरं कशी असतात, कोण बघायला असतं?" तिचे म्हणणे खोटे नाही, आणि त्याला भाषण हे उत्तर नाही. मुलींची वेळ ठरलेली असावी. त्या वेळी वस्तीतील दोन बायका मैदानाजवळ बसलेल्या असाव्यात, भाजी निवडत बसल्या तरी चालेल. जवळ स्वच्छतागृह असावे. कपडे मुलीला सोयीचे वाटतील ते, सलवार असो की ट्रॅक पँट. पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही हे तिने ठरवावे, तिला वाटले तर खेळण्यात काही वावगे नाही. आणि मैदानावर कुणी आचकट बोलला तर मुलीला घरी बसवायचे नाही, त्या पोराला घरी पाठवायचे.

चेन्नईच्या अनिता पॉलदुराई यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले, आई झाल्यानंतरही त्या देशासाठी खेळल्या, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाराणसीच्या प्रशांती सिंह यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या बहिणीही भारताच्या संघात खेळल्या. या मुलींनाही कधीतरी कुणीतरी घरी हाक मारली असेलच. त्यांच्या आईबापांनी त्यांना मैदानावर राहू दिले.

"खेळून पोट भरतं का?"

हा प्रश्न बापाचा असतो, आणि तो रागावून नव्हे तर काळजीने विचारलेला असतो. त्याला खरे उत्तर द्यावे. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत बास्केटबॉल आहे, तालुका-जिल्ह्यापासून राज्यापर्यंत मुले जाऊ शकतात. ठरलेली पात्रता पूर्ण करणाऱ्या खेळाडूंना महाराष्ट्रात सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण तेथवर पोचणारी मुले थोडी. पोर खेळायला पाठवताना पहिल्याच दिवशी नोकरीचे स्वप्न त्याच्या पाठीवर लादू नये. ते ओझे घेऊन चेंडू उडत नाही.

मग मिळते काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी. आपल्या किती मुलांना ती मिळते, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. दुसरे, हरायची सवय होते. जो पोरगा दहा मिनिटांत हरतो आणि पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा उतरतो, तो एका विषयात नापास झाला म्हणून शाळा सोडत नाही, असे मी माझ्या कामात अनेकदा पाहिले आहे. तिसरे, वेळेचे भान येते. खेळाची वेळ ठरलेली असली की अभ्यासाचीही ठरते.

खेळून उंची वाढते, हा आणखी एक समज. उंची आईवडिलांकडून आणि आहारातून येते. चेंडूमुळे ती वाढत नाही, आणि कमी आहे म्हणून खेळ अडतही नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या गरीब वस्तीत, सरकारी घरांत वाढलेला मग्सी बोग्ज केवळ ५ फूट ३ इंच उंच होता. तो १९८७ पासून १४ मोसम तेथील सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. उंच माणसाला वाकावे लागते तेथे तो चेंडू जमिनीलगत घेऊन निसटत असे.

पालकांना दोन विनंत्या. कडेला उभे राहून पोरावर ओरडू नये. "अरे मार ना, काय करतोस" असे दहा जणांसमोर ऐकले की मूल चेंडू हातात घ्यायलाच भिते. टाळी वाजवावी, आणि घरी आल्यावर "जिंकलास का" याच्या आधी "मजा आली का" हे विचारावे. दुसरे, चौदा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये, असे जाणकार सांगतात. बास्केटबॉलबरोबर खो-खो, कबड्डी, पळणे सगळे चालू द्यावे. आणि शिकवणारा हात उगारत असेल, घाणेरडे बोलत असेल किंवा मुलाला एकट्याला कुठे बोलावत असेल, तर तो कितीही नावाजलेला असो, मुलाला त्याच दिवशी तेथून काढावे आणि गप्प बसू नये.

खर्चाचा हिशेब आणि खांबाची तपासणी

माझा पिंड कारकुनाचा, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. ५ नंबरचा साधा रबरी चेंडू काहीशे रुपयांत येतो. वीस घरांनी वर्गणी काढली तर एका घराच्या वाट्याला येणारी रक्कम चहा-बिडीच्या खर्चाहून फार मोठी नसते. दोन चेंडू आणि हवा भरायचा एक पंप एवढ्यावर सुरुवात होते. रिंग बाजारातून आणलीच पाहिजे असे नाही. आपल्या वस्तीत वेल्डर आहेत, फॅब्रिकेशनचे काम करणारे आहेत. आतून ४५ सेंटिमीटर व्यासाची, १६ ते २० मिलिमीटर जाडीच्या सळईची रिंग त्यांना अवघड नाही. मिनी बास्केटबॉलचा बोर्ड १.२० मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच असतो. तेही जमत नसेल तर जुन्या सायकलची तारा काढलेली रिम, कडा घासून गुळगुळीत करून बसवावी. त्याहूनही सोपे म्हणजे भिंतीवर खडूने चौकोन काढावा आणि नेम धरावा. बूट साधे कॅनव्हासचे चालतात, पण सिमेंटच्या जमिनीवर अनवाणी खेळू देऊ नये.

मात्र एका ठिकाणी काटकसर करायची नाही, ती म्हणजे खांब. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात, रोहतक जिल्ह्यात आणि बहादूरगडला, मैदानातले बास्केटबॉलचे खांब अंगावर कोसळून दोन किशोरवयीन खेळाडूंचा जीव गेला. वाचून काळजात चर्र होते. ती मुले काही चुकीचे करीत नव्हती, खेळत होती. म्हणून नवा खांब उभा करायचा तर खाली खोल काँक्रीटचा पाया हवा आणि काम जाणत्या माणसाकडून हवे. जुना खांब शाळेत किंवा मनपाच्या मैदानात असेल तर बुंध्याशी गंज आहे का, हलवल्यावर डुलतो का, नटबोल्ट पूर्ण आहेत का, हे मोठ्या माणसाने स्वतः पाहावे. शंका आली की त्या दिवसापासून त्याखाली खेळ बंद. रिंगला लोंबकळायचे नाही, हा नियम लहान-थोर सर्वांना.

दुरुस्तीसाठी तोंडी सांगून काम होत नाही. प्रभाग कार्यालयात, ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दोन प्रतींत अर्ज द्यावा. खांब कोठे आहे, काय बिघडले आहे, किती मुले तेथे खेळतात ते लिहावे. फोटो जोडावा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नये. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. कागद आपल्या हाती असला की उद्या कुणाला "आम्हाला माहीतच नव्हते" म्हणता येत नाही.

दुखापतीबद्दलही थोडे. या खेळात घोटा मुरगळतो आणि चेंडू लागून बोट दुखावते. घोटा मुरगळला की लगेच तेल लावून चोळू नये, बोट ओढून बसवायला जाऊ नये. खेळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवावी, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा. सूज फार असेल किंवा पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. खेळण्याआधी नखे कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवलेल्या, आणि पिण्याच्या पाण्याची कळशी जवळ. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच खेळावे.

शेवटी जागेचे. आपल्या वस्तीतली मोकळी जागा कुणा एकाची नसते, म्हणून ती हळूहळू ज्याची गाडी मोठी त्याची होते. मंडळाच्या बैठकीत एवढा एक ठराव करून घ्या, की रोज संध्याकाळी ५ ते ७ ती जागा मुलांची. त्या दोन तासांत तेथे गाडी लावायची नाही, वाळू-विटा टाकायच्या नाहीत. ठराव वहीत लिहा, खाली सर्वांच्या सह्या घ्या, त्यात गाडीवाल्यांच्याही. पांढऱ्या चुन्याची एक रेघ मारा. येत्या रविवारी चेंडू आणा, आणि पहिला पास तुमच्या लेकीच्या हातात द्या.